पेजेची दुसरी वाटी

बावीस वर्षं ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. म्हणजे — पुढची अर्धी सांगितली नाही. आधीची अर्धी इतक्या वेळा सांगितली आहे, की आमच्या घरातली पोरं ती माझ्याआधी म्हणून दाखवतात.

आधीची अर्धी अशी. मी सव्वीस वर्षांचा, ठाण्याच्या कचेरीतला कारकून, सरकारी हुकमाने एडनला बदली झालेला आणि जन्मात प्रथमच आगबोटीत चढलेला. दुसऱ्या वर्गाची खोली मिळाली. खोली कसली — आमच्या माजघरातलं फडताळ तिच्याहून ऐसपैस आहे. भिंतीला फळ्या ठोकाव्यात तसे पलंग, माणूस गडगडू नये म्हणून पलंगाला काठ, पांढरीशुभ्र चादर, तोंड धुवायला चिनी मातीचं भांडं, आणि ओढली की लांब कुठेतरी घंटा वाजते अशी एक दोरी. पलंगावर दोन उश्या. एक मऊ. ती मी दोन बोटांनी उचलून कोपऱ्यात ठेवली — आत कोंबडीची पिसं असणार, ब्राह्मणाने तिच्यावर डोकं कसं ठेवावं? दुसरी कडक होती, चार कप्प्यांची, आणि तिला लांब नाड्या. नाड्या कशाला? मी विचार केला: बोट हलली तर उशी डोक्याखालून निसटू नये म्हणून. कंपनीचं किती लक्ष उतारूंच्या सोयीकडे! मी ती उशी डोक्याला बांधली, हनुवटीखाली गाठ मारली आणि आडवा झालो. थोड्या वेळाने मान अवघडली, तशी दोरी ओढली.

एक पन्नाशीचा गोवेकर आत आला. पांढरा कोट, कानाशी पिकलेले केस. माझ्याकडे त्याने नीट पाहिलं. हसला नाही. एवढंच म्हणाला, "भटजी, ही बोट बुडाल्यावरची उशी."

बुचाचा पट्टा होता तो. बुडताना छातीला बांधायचा.

इथे आमच्याकडे सगळे हसतात, आणि इथेच मी थांबतो. पानाचं तबक पुढे ओढतो. पुढे त्या माणसाचं काय झालं, असं आजवर एकाही ऐकणाऱ्याने विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

त्या माणसाचं नाव पेद्रू. दुसऱ्या वर्गाच्या खोल्यांची सगळी उठबस त्याच्याकडे होती — चादरी, पाणी, खाणं, आजाऱ्याची भांडीसुद्धा.

आता जाण्याआधीचं थोडं सांगितलं पाहिजे. समुद्र ओलांडायचा म्हणजे त्या काळी जात गेलीच म्हणायची. पण हुकूम सरकारचा, नोकरी नवी. तेव्हा तळ्याकाठच्या देवळात आमच्या ज्ञातीची वडीलधारी मंडळी बसली आणि त्यांनी तोड काढली. बोटीवरच्या अन्नाला आणि पाण्याला शिवायचं नाही. आपला फराळ न्यायचा, आपलं पाणी न्यायचं. तेवढं पाळलं तर परत आल्यावर लहानसं प्रायश्चित्त, आणि पंगत खुली. नाही पाळलं तर — नाही. पाळलं हे सांगायला साक्षीदारही आयता होता. कल्याणचे बापूसाहेब वकील एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी त्याच बोटीने एडनला निघाले होते. मोठे कडक गृहस्थ. आणि त्यांच्याच पुतण्याशी माझ्या धाकट्या बहिणीचं, यमूचं, जमत आलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

आईने आणि आमच्या मंडळींनी मिळून दोन डबे भरून दिले. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या — पाण्याचा थेंब नाही, म्हणजे वाटेत विटाळ नाही. लाडू, भाजके पोहे, मेतकूट. आणि तोंडाला फडकं बांधलेली तांब्याची घागर. निघताना आई म्हणाली की बोट फार हलते म्हणतात. मी हसलो. ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेला मी. कोळ्यांच्या होडीतून कळव्याला किती वेळा गेलो असेन! मला समुद्र काय शिकवणार?

समुद्राने दुसऱ्याच दिवशी शिकवलं. वैशाख संपत आलेला, वारा फिरलेला. आधी घागर कलंडली आणि घरचं पाणी खोलीभर होऊन माझ्याच जोड्यांत साठलं. मग दशम्या आंबल्या. मग — पुढचं वर्णन जेवणाच्या आगेमागे वाचणाऱ्याने वाचू नये. पोटात होतं ते गेलं, नव्हतं तेही गेलं. बापूसाहेबांना म्हणे बोट लागलीच नाही. बोटीलाच बापूसाहेब लागले असावेत, कारण ती सारखी कण्हत होती.

त्या दोन दिवसांत पेद्रूने माझ्यासाठी काय केलं, ते मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. खुंटीला माझा कोट टांगलेला होता, तो बोटीबरोबर झुलायचा, आणि तो झुलताना पाहिला की मला ढवळायचं. मला हे कळलेलंही नव्हतं. पेद्रूने आत येऊन एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे — आणि कोट काढून घडी करून ठेवला. कांबळ्याची वळकटी करून माझ्या पाठीशी लावली, म्हणजे मी इकडून तिकडे लोळू नये. कपाळावर ओलं फडकं. त्या वाटोळ्या खिडकीची काच बोटभर उघडी. आणि भांडं — ते तो असा उचलून न्यायचा, जसं काही फुलांची परडी. माझ्या सख्ख्या माणसांनी माझं इतकं केलं असतं का? केलं असतं. पण नाक मुरडून.

तिसऱ्या दिवशी त्याने पेज आणली. मी मानेने नको म्हटलं. तो म्हणाला, "भटजी, जेवू नका. पेज घ्या. पेज म्हणजे पाणीच ते." आता पाणी तरी कुठे चालत होतं मला! पण मी तोंड उघडलं. गरम, पातळ, मिठाचा खडा घातलेली, वर लोणच्याच्या खाराचे दोन थेंब. मी लग्नाच्या पंगती जेवलो आहे, श्रीखंडाच्या पैजा जिंकलो आहे. पण तशी चव — नाही. वाटी संपली. तो उठायला लागला. आणि मी त्याची बाही धरली. म्हटलं, "आणखी एक."

हे लक्षात ठेवा. मी मागितली.

मग दोन दिवस तेच. मी पूर्ण शुद्धीवर होतो, हुशारी येत होती, बोलतही होतो. एकदा त्याने मेणकापडात गुंडाळलेली एक चोपडी काढली. उतारू उतरताना त्यात चार ओळी लिहून जात — चाकरी कशी केली, सोय कशी ठेवली. ती चोपडी दाखवली की पुढच्या बोटीवर चाकरी मिळायची. त्याला वाचता येत नव्हतं. पण पान कोणतं कोणाचं हे तो डागावरून ओळखायचा. हे चहा सांडलेलं पान एका मडमेचं, हे कोपरा दुमडलेलं एका पाद्र्याचं. मला म्हणाला वाचून दाखवा. मी इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. माझं मूल तापाने फणफणलेलं असता हा दिवसभर त्याला खांद्यावर घेऊन फिरला. याच्यासारखा मनुष्य बोटीवर असेल तर म्हातारपणीही समुद्रप्रवास करावा. असं काय काय. तो खाली मान घालून ऐकायचा आणि एखादी ओळ पुन्हा सांगायला लावायचा. मराठीतलं पान तेवढं एकही नव्हतं. त्याने एक कोरं पान माझ्यासाठी राखून ठेवलं. मी म्हटलं, लिहीन की.

आता येतो मुद्द्यावर. इतका वेळ मी टाळत होतो हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

पाचव्या दिवशी दुपारी पेद्रू माझ्या उशाशी बसून मला पेज पाजत होता. खरं तर मी उठून बसून पिऊ शकत होतो. पण लाडावलो होतो. बाहेर खडावांचा आवाज झाला. बोटीवर खडावा घालणारं माणूस एकच. दार लोटलं — आणि मी डोळे मिटले.

मान टाकली. तोंडात पेज होती, ती गिळायचंही सुचेना. ओठाच्या कोपऱ्यातून तशीच गळू दिली. नाटकात प्रेताचं सोंग घेणारा नट इतका निश्चल पडत नसेल. बापूसाहेब गरजले. बेशुद्ध ब्राह्मणाच्या तोंडात अन्न घालतोस? बाटवतोस? पेद्रू म्हणत होता की बेशुद्ध कुठले, आत्ता तर बोलत होते. माझा खांदा धरून त्याने मला हलवलं. हळूच हलवलं — झोपलेल्या मुलाला उठवावं तसं. मी हललो नाही.

एवढाच माझा दोष असता तर मी आज लेखणी उचलली नसती. माणूस भित्रा असतो, डोळे मिटतो. उघडतो, माफी मागतो. पण —

दुसऱ्या दिवशी कप्तानाने मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. धर्मात हात घातल्याची तक्रार म्हणजे त्या काळी सायबाच्या पोटात गोळा यायचा. टेबलापलीकडे कप्तान, एका बाजूला बापूसाहेब, दुसऱ्या बाजूला पेद्रू, कोटाची सगळी बटणं लावून. मला खुर्ची दिली होती, मी आजारी ना! पेद्रूला विचारलं, हा गृहस्थ बेशुद्ध होता का? पेद्रू त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "नाही साहेब. यांनी दुसरी वाटी मागितली." आणि माझ्याकडे वळून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी खरं सांगणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

कप्तानाने मला विचारलं. बापूसाहेब माझ्याकडे बघत होते. मला यमूचं लग्न दिसलं, तळ्याकाठचं देऊळ दिसलं, पंगतीतून उठवलेला मी दिसलो. आणि मी म्हटलं —

"हा खोटं बोलतो."

इंग्रजीत म्हटलं. व्याकरण बिनचूक होतं. सायबापुढे उभं राहिलं की माझं ततपप व्हायचं, त्या दिवशी एक शब्द अडखळला नाही. खाली तक्रारीवर सही केली. तीही वळणदार.

कप्तानाने पेद्रूची चोपडी मागितली. तो मेणकापड सोडून ती पुढे ठेवीपर्यंत मला वाटलं, आता बोलावं. अजून वेळ आहे. तुम्हाला असं कधी झालं आहे का — जीभ हलवायची एवढंच काम असतं, आणि ती दुसऱ्या कोणाची असावी तशी पडून राहते? कप्तानाने चोपडी चाळली आणि पहिलं कोरं पान आलं त्यावर एक ओळ लिहिली. माझ्यासाठी राखलेलं पान होतं ते. मी बसल्या जागेवरून ओळ वाचली: हा मनुष्य उतारूंच्या धर्मात ढवळाढवळ करतो, याला खोल्यांच्या चाकरीवर ठेवू नये. खाली सही.

पेद्रूने चोपडी हातात घेतली. त्या ओळीकडे पाहिलं. मग सवयीने — हो, सवयीनेच — माझ्याकडे पाहिलं. वाचून दाखवणारा मीच होतो ना.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

एडनला त्याला उतरवून दिलं, एवढं ऐकलं. पुढे काय झालं ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणताना मान खाली जाते, कारण ठाऊक करून घेणं अवघड नव्हतं. त्या बोटीच्या कंपनीची कचेरी माझ्या कचेरीपासून दोन गल्ल्यांवर होती. दोन वर्षं मी रोज तिच्या दारावरून गेलो. आत जाऊन, माझी सही चुकीची होती, असं म्हणायला किती वेळ लागला असता? एक पान खाऊन व्हायला लागतो तितका. मी पुढे पुढे वाट बदलली. लांबून जाऊ लागलो. उन्हात चालण्याने प्रकृती सुधारते असं सोबत्यांना सांगायचो.

ठाण्याला परत आलो तर माझ्याआधी माझी कीर्ती आली होती. बापूसाहेबांनी पत्र लिहिलं होतं. मुलगा अजाणता बाटवला गेला, त्याचा दोष नाही. लहानसं प्रायश्चित्त झालं, पंगत झाली, यमू कल्याणला नांदायला गेली, आज तिला चार मुलं आहेत. टेंभी नाक्यापर्यंत पोचता पोचता गोष्ट वाढली. बेशुद्धीतसुद्धा याने दातखीळ सोडली नाही म्हणे. फिरंग्याने चमच्याने दात उचकटले म्हणे. आई हे सांगताना माझ्या तोंडावरून हात फिरवायची. मी कोणाला काही सांगितलं नाही. नुसतं कोणाचं खोडून काढलं नाही. सत्यवादी म्हणवून घ्यायला तेवढी फट मला पुरली.

आणि आता माझा मुलगा, सदू, झांजिबारला निघाला आहे. एका पेढीवर हिशेबनीस म्हणून. परवा त्याची बोट. काल दुपारी आम्ही दोघं पाटावर बसलो होतो, आमची मंडळी वाढत होती, आणि तो आपले बेत सांगत होता. बोटीत चढल्या चढल्या पहिलं काम, कप्तानाला गाठायचं आणि बजावायचं की माझ्या खोलीत एकही गोवेकर येता कामा नये. आला तर लेखी तक्रार. "नाना, तुमच्या वेळी झालं ते मी होऊ देणार नाही," म्हणाला. माझी बाजू घेऊन बोलत होता तो. माझ्यासाठी सूड घ्यायला निघाला होता — अशा माणसाचा, जो कुठल्यातरी बोटीवर कोणाच्या तरी पाठीशी कांबळ्याची वळकटी लावत असेल.

घास हातात राहिला. मी सांगायला लागलो. उशीपासून लागलो तसा तो हसला, आता नाना रंगात आले म्हणून. उशीपाशी मी थांबलो नाही. कोट सांगितला, पेज सांगितली, बाही धरली ते सांगितलं, मिटलेले डोळे सांगितले. तो हसायचा कधी थांबला ते मी पाहिलं नाही, मी ताटातल्या भाताकडे बघून बोलत होतो. शेवटचे तीन शब्द इंग्रजीतच म्हटले, जसे तेव्हा म्हटले होते. सदूला इंग्रजी येतं. त्याच्या आईला मराठीत करून सांगितलं.

माझ्याआधी सदू पानावरून कधी उठलेला नाही. लहानपणी पोट दुखत असलं तरी मी आचवेपर्यंत बसून राहायचा. काल उठला. हात धुतले, आणि ओटीवर जाऊन बांधलेली ट्रंक उघडून बसला. काय काढत होता, काय ठेवत होता, मी विचारलं नाही.

मी मात्र बसून राहिलो. ती वाढायचं भांडं हातात घेऊन तशीच उभी होती. मला वाटलं ती म्हणेल, झालं ते झालं. बायका म्हणतात तसं. किंवा रडेल. तिने भांडं चुलीपाशी नेऊन ठेवलं, परत आली, सदूचं ताट उचललं. मग बोलली, आवाज न चढवता, जसं घरातलं काही सांगावं तसं.

"त्या माणसाचे हात झडोत, म्हणून मी बावीस वर्षं म्हणत आले," ती म्हणाली. "सणासुदीला, देवापुढे. मोठ्याने म्हणत होते. आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता."